कमांडो उतरल्यानंतर

सार्वजनिक वाचनालयातल्या थरारकथांच्या कपाटात समुद्री चाच्यांची एखादी तरी कादंबरी हमखास सापडते. मुखपृष्ठावर अवाढव्य जहाज, शेजारी चिमुकली होडी आणि वर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर. कथाही साधारण ठरलेली. कुणीतरी ओलीस पडतं, खंडणीचा फोन येतो, सरकारं कच खातात आणि एक सेवानिवृत्त कमांडो चार जिवलग मित्रांना घेऊन निघतो. विल्बर स्मिथच्या २०११ सालच्या 'दोज इन पेरिल'मध्ये सोमाली चाचे एका अतिश्रीमंत बाईची मुलगी पळवतात आणि हेक्टर क्रॉस नावाचा माजी सैनिक तिच्यामागे निघतो. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकरांनी तर समुद्रकाठच्या अर्नाळ्याचंच नाव लावून शेकड्यांनी रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजारनं आणि धनंजयनं कितीतरी पिढ्यांची झोप उडवली.

या कादंबऱ्यांबद्दल माझी तक्रार एकच आहे. त्या फार लवकर संपतात. कमांडो डेकवर उतरला, ओलीस सुटले, की शेवटचं पान. खऱ्या जगात त्या पानानंतर पंचनामा होतो, आरोपींना कोर्टापुढे उभं करतात, दुभाषा शोधतात आणि मग वर्षानुवर्षं तारखा पडत राहतात. भारतापुरतं बोलायचं, तर यातलं बरंचसं मुंबईत घडतं.

मेहकरच्या वाचकाला हे सगळं लांबचं वाटेल. इथून मुंबईचा समुद्र समृद्धी महामार्गानं गेलं तरी चारशे किलोमीटरहून दूर. गावाजवळून वाहणारी पैनगंगा तर उलट्या दिशेला जाते, तिचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला मिळतं. पण आपल्या बाजार समितीत सोयाबीनचा भाव निघतो, त्यात अर्जेंटिना-ब्राझीलहून जहाजानं येणाऱ्या सोयातेलाचा वाटा असतो. मोरोक्कोचं आणि जॉर्डनचं खत, रशिया-युक्रेनचं सूर्यफूल तेल, या मालाचा नेहमीचा रस्ता तांबड्या समुद्रातून आणि एडनच्या आखातातून येतो. तिथलं एक जहाज अडलं तर मेहकरात काही होत नाही. पण जहाजं सतत अडायला लागली, की विमा वाढतो, भाडं वाढतं आणि शेवटी ते पोत्यामागे वसूल होतं.

आता जहाज पळवतात तरी कसं? कादंबरीत यासाठी गद्दार खलाशी, उपग्रहाचा चोरलेला संकेत असं काहीबाही लागतं. प्रत्यक्षात ओल्या हातांनी दोर धरता आला आणि जीव पणाला लावायची तयारी असली, की बरंचसं काम होतं. चाचे आधी एखादं मच्छीमारी जहाज बळकावतात. ते त्यांचं मदरशिप. त्याच्यावर डिझेल, पाणी, शेळ्या आणि दोन-तीन लहान वेगवान होड्या लादून ते किनाऱ्यापासून शेकडो मैल आत येतात. सावज म्हणजे मालानं पूर्ण भरलेलं आणि हळू चालणारं जहाज. कोळसा किंवा खनिज भरलेलं बल्क कॅरियर पाण्यात इतकं खाली बसलेलं असतं, की त्याचा कठडा होडीतून फार उंच राहत नाही. वेग ताशी बारा-तेरा नॉट. होडी त्याच्या दुप्पट वेगानं मागून येते, हूक लावलेली शिडी कठड्यात अडकते आणि एके-४७ घेतलेली पाच-सहा माणसं वर चढतात. सगळा प्रकार काही मिनिटांचा. जूनपासून पावसाळी वारे सुटले, की समुद्र खवळतो, लहान होड्यांचा निभाव लागत नाही आणि हा धंदा आपोआप मंदावतो. म्हणजे आपला मोसमी पाऊस जहाजांचीही काळजी वाहतो.

खलाशांकडे बंदुका नसतात. त्यांच्या हाती काय असतं, तर कठड्याला काटेरी तार, पाण्याच्या जोरदार नळ्या, नागमोडी चाल आणि सगळं फसलं तर सिटाडेल. सिटाडेल म्हणजे जहाजाच्या पोटातली, बहुधा इंजिन रूमच्या बाजूची, पोलादी दाराची खोली. आत पिण्याचं पाणी, कोरडं अन्न आणि वेगळ्या अँटेनावर चालणारा सॅटेलाइट फोन ठेवलेला असतो. इंजिन बंद करून सगळ्यांनी आत कोंडून घ्यायचं. मग चाच्यांच्या ताब्यात लोखंडाचा मोठा डोलारा येतो, पण तो हलत नाही आणि ओलीसही हाती लागत नाहीत.

इथला नियम कडक आहे. एकही माणूस बाहेर राहता कामा नये. एक जरी मागे राहिला आणि त्याच्या कपाळाला नळी लागली, तर आतल्या वीस जणांच्या सुरक्षिततेचा उपयोग शून्य, कारण मग नौदल चढाई करत नाही. सगळे आत आहेत ही खात्री कप्तानानं फोनवरून द्यावी लागते. आणि दार कायमचं टिकत नसतं. जानेवारी २०११ मध्ये 'बेलुगा नॉमिनेशन' या जहाजाचे खलाशी सिटाडेलमध्ये होते, पण मदत पोचायच्या आत चाच्यांनी पोलाद कापून त्यांना बाहेर काढलं.

'लीला नॉरफोक'च्या खलाशांनी हाच नियम पाळला. ४ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी सोमालियाच्या पूर्वेला, भर समुद्रात, पाच-सहा सशस्त्र माणसं जहाजावर चढल्याचा संदेश त्यांनी पाठवला आणि २१ जण सिटाडेलमध्ये शिरले. त्यातले १५ भारतीय. दुसऱ्या दिवशी सकाळी नौदलाचं टेहळणी विमान डोक्यावर आलं, दुपारी 'आयएनएस चेन्नई' पोचली. तिच्यावर मार्कोस होते, म्हणजे नौदलाचे मरीन कमांडो. १९८७ मध्ये हे दल उभं राहिलं, मुंबईजवळचा 'आयएनएस अभिमन्यू' हा त्यांचा मोठा तळ. ते जहाजावर चढले, एकेक खोली तपासली, पण चाचा एकही सापडला नाही. विमान आणि युद्धनौका पाहून ते आधीच पसार झाले होते. गोळी न झाडता २१ माणसं सुटली. कादंबरीकाराला असल्या प्रसंगाचं काय करावं हेच कळणार नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये 'रुएन'वर याच्या उलट परिस्थिती होती. माल्टाचा झेंडा लावलेलं हे बल्गेरियन जहाज १४ डिसेंबर २०२३ ला सोकोत्रा बेटाजवळ पळवलं गेलं होतं. २०१७ नंतर सोमाली चाच्यांच्या हाती लागलेलं हे पहिलं मोठं व्यापारी जहाज. गंमत अशी, की जहाजधंद्यातल्या संघटनांनी हिंदी महासागराला दिलेला अतिधोक्याच्या क्षेत्राचा शिक्का २०२३ च्याच १ जानेवारीला काढून टाकला होता. जखमी झालेल्या एका खलाशाला चाच्यांनी सुरुवातीलाच भारतीय नौदलाच्या हवाली केलं. उरलेले १७ जण तीन महिने त्यांच्याच ताब्यात राहिले. बल्गेरिया, म्यानमार आणि अंगोलाची ही माणसं. मार्चच्या मध्याला चाचे 'रुएन' घेऊन सोमालियाचा किनारा सोडून बाहेर आले. त्यांना आता हेच जहाज मदरशिप म्हणून वापरायचं होतं.

१५ मार्चला 'आयएनएस कोलकाता'नं त्यांना अडवलं. चाच्यांनी नौदलाचा ड्रोन गोळ्या घालून पाडला, युद्धनौकेवरही गोळीबार केला. कादंबरी असती तर इथेच दोरावरून माणसं उतरली असती. नौदलानं नेमका मारा करून जहाजाची सुकाणू यंत्रणा आणि दिशादर्शक उपकरणं निकामी केली. 'रुएन' जागीच अडकलं. मग बोलणी सुरू झाली. मदतीला 'आयएनएस सुभद्रा' आली, वर टेहळणी विमानं आणि ड्रोन. हवाई दलाच्या सी-१७ विमानानं भारतापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर जाऊन रबरी होड्या आणि मार्कोस कमांडो पॅराशूटनं समुद्रात सोडले. मालवाहू विमानाच्या मागच्या दारातून आधी होडी, मग माणसं, आणि खाली मध्य-अरबी समुद्र! एवढं दृश्य तरी थरारकथेत शोभेल असं आहे. पण त्याचा उपयोग मुख्यतः दडपणासाठी झाला. ४० तासांनंतर, १६ मार्चला, ३५ चाचे शरण आले. सतराच्या सतरा ओलीस जिवंत होते.

चाळीस तास थांबायचं कशासाठी? याचं उत्तर सोळा वर्षं मागे जाऊन मिळतं. १८ नोव्हेंबर २००८ ला एडनच्या आखातात 'आयएनएस तबर'नं एक संशयित चाचेनौका बुडवली. डेकवर शस्त्रधारी माणसं दिसत होती, त्यांनी थांबायला नकार दिला, धमकी दिली आणि गोळीबार केला, म्हणून स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर दिलं, असं नौदलाचं म्हणणं. बातमी आली तेव्हा देशभर कौतुक झालं. काही दिवसांनी कळलं, की ती 'एकावत नावा ५' ही थायलंडची मच्छीमारी बोट होती, चाच्यांनी नुकतीच बळकावलेली. तिचे मूळ खलाशी आतच होते. त्यातला एकच जण समुद्रात तरंगताना जिवंत सापडला. दुर्बिणीतून बंदूक दिसते, बंदुकीच्या मागे बांधून ठेवलेला माणूस दिसत नाही. नौदलांची पुढची सगळी सावधगिरी या एकाच घटनेतून आली असं मी म्हणणार नाही, पण 'रुएन'चे ४० तास समजून घ्यायला हा प्रसंग माहीत असलेला बरा.

सुटकेचा आणखी एक रस्ता असतो. 'रुएन' अडवण्याच्या तीनच दिवस आधी, १२ मार्चला, मोझांबिकहून कोळसा घेऊन अमिरातीकडे निघालेलं 'अब्दुल्ला' हे बांगलादेशी जहाज चाच्यांनी पळवलं. भारतीय युद्धनौका मागावर होती, युरोपीय नौदलही होतं. जहाजाच्या मालकानं आणि बांगलादेश सरकारनं मात्र बळाचा वापर नको म्हणून सांगितलं. या कंपनीला अनुभव होता. २०१० मध्ये तिचंच 'जहाँ मणी' पळवलं गेलं होतं आणि वाटाघाटींनीच सुटलं होतं. 'अब्दुल्ला'चे २३ खलाशी महिन्याभरानं, १४ एप्रिलला, सुटले. पैसे देणं हा भित्रेपणा, असं कादंबरी वाचून वाटतं. ज्या घरातला माणूस जहाजावर आहे, त्या घरात तसं वाटत नाही.

खंडणी देणं हीसुद्धा एक रीतसर व्यवस्था झाली होती. विमा कंपनी, तिचा वाटाघाटी करणारा तज्ज्ञ, चाच्यांच्या बाजूनं इंग्रजी बोलणारा दुभाषा, आणि शेवटी लहान विमानातून पाण्यात टाकलेली नोटांची बंद पेटी. पैसे टाकण्याआधी सगळ्या खलाशांना डेकवर रांगेत उभं करायचं, विमानातून मोजदाद करायची, असा प्रघात. जागतिक बँकेच्या अंदाजानुसार २००५ ते २०१२ या काळात आफ्रिकेच्या शिंगाजवळ ३३.९ ते ४१.३ कोटी डॉलर खंडणी दिली गेली. यातला प्रत्यक्ष शिडी चढणाऱ्या पोराचा वाटा किरकोळ, पैसा लावणारे सावकार किनाऱ्यावर बसलेले. जानेवारी २००९ मध्ये 'सिरियस स्टार' हे सौदी तेलवाहू जहाज अशीच पेटी टाकून सोडवलं. वाटणी घेऊन परतताना होडी उलटली आणि पाच चाचे पैशांसकट बुडाले.

आता मुंबईकडे येऊ. 'रुएन'चे ३५ आरोपी २३ मार्च २०२४ ला मुंबईत आणून यलो गेट पोलीस ठाण्याच्या ताब्यात दिले. बंदराच्या आवारातलं हे ठाणं. हजारो मैलांवरच्या समुद्रातले गुन्हे इथल्या नोंदवहीत चढतात, आणि ही काही पहिली खेप नव्हती. यलो गेटच्या या नात्याची सुरुवात पाहायला १९९९ मध्ये जावं लागतं, 'अलॉन्ड्रा रेनबो'पाशी.

ही घटना म्हणजे न लिहिलेली कादंबरीच. २२ ऑक्टोबर १९९९ ला हे जपानी मालकीचं जहाज सुमात्रातल्या एका बंदरातून सात हजार टन ॲल्युमिनियमच्या लाद्या घेऊन जपानला निघालं. काही तासांतच चाचे चढले. कप्तान आणि मुख्य इंजिनिअर जपानी, बाकी १५ फिलिपिनो, अशा १७ जणांना दुसऱ्या जहाजावर डांबून ठेवलं आणि आठवड्याभरानं एका तराफ्यावर सोडून दिलं. थायलंडच्या मच्छीमारांनी ८ नोव्हेंबरला त्यांना उचललं तेव्हा जहाजाचा पत्ता नव्हता. क्वालालंपूरच्या चाचेगिरी नोंद केंद्रानं जहाजाचं वर्णन सगळीकडे पाठवलं. आणि मग अरबी समुद्रात तटरक्षक दलाच्या 'ताराबाई' या गस्तीनौकेला त्या वर्णनाचं जहाज दिसलं. नाव रंगवलेलं होतं 'मेगा रामा', झेंडा बेलिझचा. थांबायच्या सूचनेला दाद न देता ते पळत सुटलं. महाराणी ताराबाईंच्या नावाची नौका आणि तिच्या पुढे पळणारा चोर, ही जुळणी कुठल्या लेखकानं केली असती तर ओढूनताणून वाटली असती. नौदलाची 'आयएनएस प्रहार' पाठलागात उतरली. १६ नोव्हेंबरला गोळीबारानंतर जहाज थांबलं. आतल्या माणसांनी ते जाळायचा आणि बुडवायचाही प्रयत्न केला. पंधरा इंडोनेशियन पकडले गेले, जहाज ओढत मुंबईला आणलं.

इथे कादंबरी संपते. खटला सुरू होतो, आणि पहिला प्रश्न हाच की गुन्हा कुठला? भारतीय दंड संहितेत दरोडा होता, खुनाचा प्रयत्न होता, पण चाचेगिरी नावाचा गुन्हा नव्हता. जहाज जपानी मालकाचं, झेंडा पनामाचा, खलाशी फिलिपिनो, आरोपी इंडोनेशियन, घटना मलाक्काच्या सामुद्रधुनीजवळची आणि कोर्ट मुंबईचं. फेब्रुवारी २००३ मध्ये सत्र न्यायालयानं आरोपींना सात वर्षांची सक्तमजुरी सुनावली. एप्रिल २००५ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांना निर्दोष सोडलं.

चाचा कोण, हे ठरवणं मुळात कागदाचं काम आहे, हे कोकणानं फार पूर्वी पाहिलंय. नोव्हेंबर १७१२ मध्ये कान्होजी आंग्र्यांच्या आरमारानं मुंबईच्या इंग्रज गव्हर्नरची सशस्त्र नौका पकडली. लढाईत कारवारच्या वखारीचा प्रमुख चाऊन मारला गेला, त्याची तरुण विधवा कैदेत कुलाब्याला गेली आणि ३०,००० रुपये मोजून फेब्रुवारी १७१३ मध्ये इंग्रजांनी तिला सोडवलं. इंग्रजांच्या दप्तरात आंग्रे 'पायरेट'. मराठ्यांच्या दप्तरात ते सरखेल, किनाऱ्याचे धनी, ज्यांचं दस्तक घेतल्याशिवाय व्यापारी जहाजानं फिरायचं नाही. मला यात शंका नाही, की राज्याच्या आरमारप्रमुखाला चाचा म्हणणं ही स्पर्धकाची भाषा होती. त्या बाईला मात्र या वादाशी देणंघेणं असण्याचं कारण नव्हतं.

'अलॉन्ड्रा रेनबो'च्या निकालानंतर कायदा यायला सतरा वर्षं गेली. सागरी चाचेगिरीविरोधी विधेयक संसदेनं डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केलं. आता चाचेगिरीची स्वतंत्र व्याख्या आहे, शिक्षा जन्मठेपेपर्यंत, कुणाचा जीव गेला तर मृत्युदंडापर्यंत. खटल्यांसाठी सत्र न्यायालयं नेमता येतात. काही परिस्थितीत, म्हणजे शस्त्रं किंवा शिड्या-हूकसारखं साहित्य सापडलं तर, निर्दोषत्व सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते. ही शेवटची तरतूद कठोर आहे. पण भर समुद्रात पंच कुठून आणायचे, आणि घरी गेलेला म्यानमारचा खलाशी साक्षीला परत कसा बोलवायचा, या अडचणींतून ती आली आहे.

मधल्या काळात कायद्याशिवाय जे झालं, त्याची किंमत काही भारतीय घरांनी मोजली. २०११ च्या पहिल्या तीन महिन्यांत चाचे लक्षद्वीपपर्यंत सरकले होते. नौदल आणि तटरक्षक दलानं लागोपाठ चार मदरशिप पकडल्या. २८ जानेवारीला 'प्रान्तलाय १४', फेब्रुवारीत 'प्रान्तलाय ११', मार्चमध्ये 'वेगा ५' आणि 'मोर्तझा'. त्यांच्यावरचे थाई, म्यानमारी, इराणी खलाशी सुटले. एकट्या 'वेगा ५'वर ६१ चाचे होते. एकूण १२० जण मुंबईत आले आणि तळोजाच्या तुरुंगात गेले. नौदलाची ही कामगिरी चोख होती, वाद नाही.

त्याच वेळी सोमालियाच्या किनाऱ्यावर 'अस्फाल्ट व्हेंचर' उभं होतं. मुंबईच्या कंपनीच्या व्यवस्थापनाखालचं हे डांबरवाहू जहाज २८ सप्टेंबर २०१० ला पळवलं गेलं. सगळे पंधरा खलाशी भारतीय. साडेसहा महिन्यांनी, १५ एप्रिल २०११ ला, खंडणी पोचली. ठरल्याप्रमाणे जहाज सुटायला हवं होतं. चाच्यांनी जहाज सोडलं, आठ खलाशी सोडले आणि सात जणांना उतरवून जमिनीवर नेलं. पैसे घेतल्यावर माणसं अडकवून ठेवायची नाहीत, हा त्यांच्या धंद्याचाच नियम. तो त्यांनी मोडला आणि कारण उघड सांगितलं. भारताच्या तुरुंगातली आमची माणसं सोडा, मग हे सात मिळतील.

भारत सरकार त्या मागणीपुढे झुकलं नाही. झुकलं असतं तर पुढच्या प्रत्येक भारतीय खलाशाचा भाव ठरला असता, हे खरंच. पण सातजणांच्या घरच्यांसाठी हा हिशेब वेगळा होता. कंपनीनं पैसे भरले होते, जहाज परत आलं होतं, बातम्या ओसरल्या होत्या आणि माणूस मात्र सोमालियातच. जहाज नाही म्हणून विम्याची घाई नाही, मालाचा मालक मागे लागत नाही. अशी तीन वर्षं गेली, साडेतीन गेली. ऑक्टोबर २०१४ च्या अखेरीस ते सात जण सुटले, पकडले गेल्यापासून चार वर्षांहून अधिक काळानं.

ज्यांच्या बदल्यात त्यांना धरून ठेवलं होतं, त्या तळोजातल्या सोमालींचे खटले तेव्हा चालूच होते. शिक्षा झाली २०१७ मध्ये, सात वर्षांची. त्यातली बहुतेक वर्षं त्यांनी निकालाची वाट पाहतच भोगली होती.